२४ प्लॉट, ३ जाती: बीटा रिग्रेशनमधली ०.०२८७ ही पी-व्हॅल्यू खरी धरायची का?

प्रश्न थोडक्यात असा: शिरोळ, हातकणंगले आणि करवीर तालुक्यांतले उसाचे २४ प्लॉट. पानाचा किती भाग तांबेऱ्याने व्यापलाय ते प्रत्येक प्लॉटसाठी ० ते १ च्या दरम्यान मोजलंय. जाती तीन (को ८६०३२, को एम ०२६५, को ९२००५), प्रत्येकीचे ८ प्लॉट. सोबत नत्राची मात्रा आणि पिकाचं वय. 'आर' ह्या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमधल्या बीटारेग पॅकेजने बीटा रिग्रेशनचं (० ते १ मधल्या प्रमाणांसाठीचं) मॉडेल बसवलं, एकदा जातीसकट आणि एकदा जात वगळून. लाइकलिहूड रेशो (पुढे नुसतं एलआर), म्हणजे जात घातल्याने मॉडेल डेटाला किती जास्त जुळलं त्याचं माप, आला ७.१, डिग्री ऑफ फ्रीडम (जातीचे जादा गुणक) २, आणि पी-व्हॅल्यू, म्हणजे जातीचा परिणाम नसतानाही एवढा मोठा एलआर यायची शक्यता, ०.०२८७. गाईड म्हणतात, एवढ्या लहान नमुन्यावर ह्या पी-व्हॅल्यूचा भरवसा धरू नका. मग करायचं काय?

गाईडचं बरोबर आहे. आणि उपायही आहे, तोही एका संध्याकाळी होण्यासारखा.

आधी दुखणं कुठे आहे ते. एलआरची तुलना आपण काय-स्क्वेअरच्या तक्त्याशी करतो, पण तो तक्ता नमुना खूप मोठा असताना लागू पडतो. लहान नमुन्यात नल हायपोथेसिस (जातीचा परिणाम शून्य) खरी असली तरी एलआर तक्त्यापेक्षा सरासरीने मोठाच येतो. आपल्याकडे उसाच्या वजनकाट्यावरून शेतकऱ्यांची कायम तक्रार असते, काटा कमी दाखवतो म्हणून. इथे उलटं आहे: काटा जास्त दाखवतो. त्यामुळे ५ टक्क्यांची म्हणून केलेली चाचणी प्रत्यक्षात ८-१० टक्क्यांची होऊन बसते.

किती फरक पडतो हे कागदावर बघायचं असेल तर बीटा सोडून क्षणभर साध्या नॉर्मल लिनिअर रिग्रेशनकडे जाऊ, कारण तिथे हिशेब अचूक निघतो. तुमच्याइतकेच आकडे घ्या: २४ निरीक्षणं, सरासरीचे ५ गुणक (स्थिरांक, जातीचे २, नत्र, वय), चाचणी त्यातल्या २ गुणकांची. दोन गुणकांच्या चाचणीत एलआरला (२४ − ५) ÷ २४ म्हणजे १९/२४ ने गुणलं की जे येतं ते नेमकं दोन डिग्रीचं काय-स्क्वेअर असतं. अंदाजे नव्हे, तंतोतंत. न गुणता ५.९९१ ही नेहमीची सीमा वापरली तर चुकून नाकारण्याची खरी शक्यता ५ टक्के राहत नाही, ९.३ टक्के होते. (दोन डिग्रीच्या काय-स्क्वेअरसाठी पी काढायला संगणक लागत नाही: एलआरच्या निम्म्याचा उणे घातांक, ई^(−एलआर/२). तुमचा ०.०२८७ असाच पडताळता येतो: ई^(−३.५५).) बीटा रिग्रेशनमध्ये असं सुटसुटीत सूत्र नाही, पण रोग हाच.

त्याचं मूळ फायमध्ये आहे. फेरारी आणि क्रिबारी-नेटो यांनी २००४ साली मांडलेल्या रूपात बीटाचे दोन भाग असतात: सरासरी म्यू आणि नेमकेपणा फाय. विचरण म्हणजे म्यू(१ − म्यू) ÷ (१ + फाय). फाय मोठा तर पसारा कमी. मॅक्झिमम लाइकलिहूडने, म्हणजे हातातला डेटा सगळ्यात संभाव्य ठरेल असे आकडे निवडून, काढलेला फाय लहान नमुन्यात फुगतो, कारण सरासरीचे गुणक बसवण्यात किती निरीक्षणं खर्ची पडली याचा हिशेब तो ठेवत नाही. नॉर्मलमध्ये विचरण काढताना (n − p) ऐवजी n ने भागावं (n निरीक्षणं, p गुणक), तसाच प्रकार.

ह्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे प्रेटरचा १९५६ चा कच्च्या तेलातून निघणाऱ्या पेट्रोलच्या प्रमाणाचा डेटा, जो बीटारेगसोबतच मिळतो. ३२ निरीक्षणं, सरासरीचे ११ गुणक. मॅक्झिमम लाइकलिहूडने फाय येतो ४४०.३; बायस (हा पद्धतशीर फुगवटा) काढला की २६१.२. म्हणजे जवळजवळ १.७ पट फुगवटा. स्टँडर्ड एरर साधारण फायच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात चालते, म्हणजे ती १.३ पट लहान छापली जाते. समरीमध्ये झेड (गुणक ÷ त्याची स्टँडर्ड एरर) २.२ दिसत असेल (पी ०.०२८) तर दुरुस्तीनंतर तो १.७ च्या आसपास उतरतो आणि पी ०.०९ होतो. म्हणूनच समरीत प्रत्येक गुणकासमोर जे तारे छापून येतात (ह्याच झेडवरची, म्हणजे वाल्ड चाचणी), ते लहान नमुन्यात सगळ्यात कमी भरवशाचे. एलआर त्याहून बरा. स्कोअर चाचणी बहुतेक वेळा त्याहूनही बरी, पण ती बीटारेगमध्ये तयार मिळत नाही.

आता दुरुस्त्या. नावं बरीच ऐकाल, म्हणून कोणती कशाला ते सांगतो.

बार्टलेट दुरुस्ती. कल्पना १९३७ ची, सर्वसाधारण सिद्धता लॉलीची, १९५६. एलआरची सरासरी q (तपासायच्या गुणकांची संख्या, इथे २) असायला हवी. प्रत्यक्षात ती q गुणिले c असते. c काढा आणि एलआरला c ने भागा. एवढ्याने चूक १/n च्या दर्जाची होती ती १/n² च्या दर्जाची होते. २४ प्लॉटला हा फरक भरपूर आहे. c चं सूत्र मात्र बीटात किचकट आहे: लाइकलिहूडच्या चौथ्या डेरिव्हेटिव्हपर्यंत जावं लागतं, आणि म्यूचे गुणक व फाय इथे एकमेकांपासून स्वतंत्र (ऑर्थोगोनल) नसल्यामुळे सोपं होणाऱ्या पदांचा आधारही मिळत नाही. बायर आणि क्रिबारी-नेटो यांनी ते काम केलेलं आहे, पण हाताने कोड करायला बसलात तर एखादं चिन्ह चुकतं आणि चुकल्याचं कळतही नाही. मी हा रस्ता सुचवत नाही.

स्कोव्हगार्डची दुरुस्ती. २००१ ची पद्धत, बीटासाठी फेरारी आणि पिन्हेरो यांनी २०११ मध्ये मांडली. हिला दोनच डेरिव्हेटिव्ह पुरतात आणि मॉडेलमध्ये नको असलेले पॅरामीटर पुष्कळ असले तरी छान चालते. मॅट्रिक्सशी दोस्ती असेल तर करा.

बूटस्ट्रॅप बार्टलेट. रॉकने १९८९ मध्ये सुचवलेली युक्ती: c सूत्राने काढायचाच नाही, बनावट डेटा पुन्हा पुन्हा तयार करून (हेच बूटस्ट्रॅप) संगणकाला मोजायला लावायचा. काट्यावर आधी माहीत असलेलं वजन ठेवायचं, तो किती दाखवतो ते बघायचं, आणि मग त्या प्रमाणात आपलं वजन खाली आणायचं. तुमच्यासाठी हीच.

कृती अशी. नल मॉडेल, म्हणजे जात वगळून फक्त नत्र आणि वय असलेलं, मॅक्झिमम लाइकलिहूडने बसवा. त्यातून २४ प्लॉटचे २४ म्यू आणि एक फाय मिळेल. प्रत्येक प्लॉटसाठी बीटा वितरणातून एक नवा आकडा काढा. पहिला शेप पॅरामीटर म्यू × फाय, दुसरा (१ − म्यू) × फाय. ह्या बनावट २४ आकड्यांवर दोन्ही मॉडेलं, जातीसकट आणि जातीविना, पुन्हा बसवा, एलआर काढा, लिहून ठेवा. हे ९९९ वेळा. नत्र, वय आणि जातीचे रकाने मूळचेच राहतात, बदलतो तो फक्त तांबेऱ्याचा आकडा.

ह्या ९९९ आकड्यांतून दोन उत्तरं निघतात. एक, सरासरी. समजा ती २.६ आली; असायला हवी होती २; म्हणजे c = १.३. दुरुस्त एलआर = ७.१ ÷ १.३ = ५.४६, पी = ई^(−२.७३) = ०.०६५. दोन, थेट बूटस्ट्रॅप पी: ९९९ पैकी किती एलआर ७.१ किंवा त्याहून मोठे आले ते मोजा, त्यात १ मिळवा, १००० ने भागा. ६३ आले तर ०.०६४. दोन्ही जवळपास आले पाहिजेत. फार लांब गेले तर लूपमध्ये काहीतरी बिघडलंय असं समजा. वर नॉर्मलचा हिशेब केला होता तो इथे कामी येतो: २४/१९ म्हणजे १.२६. तुमचा c १.१ ते १.५ मध्ये असेल तर ठीक. ३ आला तर बग शोधा.

बार्टलेटची अजून दोन रूपं दिसतील, भागण्याऐवजी ई^(−(c−१)) ने गुणणं किंवा २ − c ने गुणणं. मोठ्या नमुन्यात तिन्ही एकच, पण ह्याच उदाहरणात एलआर ५.२६ (पी ०.०७२) आणि ४.९७ (पी ०.०८३) होतो. तिसऱ्या रूपात c २ च्या पुढे गेला तर एलआर चक्क उणे होतो. साधं भागायचं किंवा दुसरं रूप वापरायचं, पण कोणतं ते आधी ठरवून. तिन्ही काढून आवडेल ते निवडणं म्हणजे पुन्हा काटाच मारणं.

आता लूप कुठे कुठे फसतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक: आकडे जातीसकटच्या पूर्ण मॉडेलमधून बनवणं. मग बनावट डेटात जातीचा परिणाम आधीच भरलेला असतो, सगळे एलआर मोठे येतात, आणि पी ०.५ च्याही पुढे जाऊन तुम्ही हैराण होता. आकडे नलमधूनच बनवायचे.

दुसरी: 'आर'च्या आरबीटा फंक्शनला म्यू आणि फाय थेट देणं. त्याला शेप पॅरामीटर हवेत. त्यातच बीटारेगमध्ये फायसाठी वेगळं समीकरण लिहिलं असेल (फॉर्म्युलात उभ्या रेघेनंतर) तर तिथे लॉग लिंक लागते आणि छापून येतो तो लॉग-फाय. ३.१ दिसलं म्हणजे फाय ३.१ नव्हे, २२.

तिसरी: जातीची नोंद दोन-तीन प्लॉटांची राहून गेलेली असते. त्या ओळी एका मॉडेलमधून गळतात, दुसऱ्यात राहतात. दोन वेगळ्या डेटांच्या लाइकलिहूडची वजाबाकी निरर्थक आहे. रिकाम्या ओळी आधीच काढा आणि दोन्ही मॉडेलांत निरीक्षणांची संख्या छापून बघा.

चौथी: बायस कमी केलेल्या मॉडेलमधून एलआर काढणं. बीटारेगमध्ये टाइप 'बीसी' (बायस दुरुस्त) आणि 'बीआर' (बायस कमी केलेला) असे पर्याय आहेत. गुणक आणि स्टँडर्ड एरर सांगायला ते उत्तम, वर ४४० चा २६१ झाला तो त्यातूनच. पण ते अंदाज लाइकलिहूडच्या शिखरावर नसतात, म्हणून त्यांच्या लॉग-लाइकलिहूडची वजाबाकी हा एलआर नव्हे. ती उणेसुद्धा येऊ शकते. तक्त्यातले गुणक 'बीआर'चे द्या, एलआर मात्र साध्या मॅक्झिमम लाइकलिहूडचा.

पाचवी: मॉडेल न जुळणं, म्हणजे गणित शिखरावर येऊन न स्थिरावणं. ९९९ पैकी काही वेळा ऑप्टिमायझर अडखळतो. ते नमुने गुपचूप टाकून देऊ नका, किती होते ते मोजा. १० च्या आत असतील तर पूर्ण मॉडेलला नल मॉडेलचे गुणक (जातीचे शून्य) सुरुवात म्हणून देऊन परत चालवा, बहुतेक सुटतात. एलआर −०.००००१ आला तर तो शून्यच. −०.८ आला तर पूर्ण मॉडेल शिखराला पोचलेलं नाही, तेही ह्याच उपायाने जागेवर येतं.

९९९ पुरतात का? पी ०.०६ च्या आसपास असेल तर ९९९ मधली स्वतःची चूक साधारण ०.००७५ असते. म्हणजे सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) बदललं की ०.०५३ ते ०.०६८ काहीही दिसू शकतं. उत्तर सीमेजवळ असेल तर ९९९९ करा, चूक ०.००२४ वर येते. c काढण्यापुरती मात्र दोनेकशे नमुनेही कामचलाऊ अंदाज देतात, कारण सरासरी स्थिर व्हायला शेपटीइतके आकडे लागत नाहीत.

बूटस्ट्रॅपला नलमधला फुगलेला फाय वापरला तर पुन्हा तीच चूक आली नाही का, अशी शंका येईल. रास्त आहे. पण एलआरची सरासरी फायवर फारशी अवलंबून नसते; पसारा वाढला तर दोन्ही मॉडेलांना सारखाच वाढतो. खात्री करायची तर 'बीआर'चा फाय घालून एकदा लूप फिरवा. c जागचा हलला नाही तर तो प्रश्न मिटला.

फायलाही जातीवर अवलंबून ठेवावं का? २४ प्लॉटांत ते टाळा. फाय सगळ्यांना एकच आहे का ही चाचणीसुद्धा एलआरचीच, आणि तीही तितकीच चढा काटा दाखवते. तपासायचंच असेल तर तिलाही हाच बूटस्ट्रॅप लावा. आणि सँडविच स्टँडर्ड एरर (मॉडेलचं विचरण खरं न धरता डेटावरून काढलेली) हा उपाय कोणी सुचवला तर इतक्या लहान नमुन्यात तो घेऊ नका. वाल्ड त्याने सहसा आणखी ढिली होते.

हे सगळं करायच्या आधी आकड्यांकडे एकदा नीट बघा, कारण तुमच्या प्रश्नात एका वाक्यात 'काही शून्यं होती ती सूत्राने सरकवली' असं आलंय (बीटाला नेमकं शून्य चालत नाही). ते सूत्र (y(n − १) + ०.५) ÷ n (y म्हणजे तांबेऱ्याचा आकडा) हेच असणार, स्मिथसन आणि व्हर्कुइलेन यांचं. २४ प्लॉटांत ते काय करतं बघा: ० चं ०.०२०८ होतं, ०.०३ चं ०.०४९६, ०.६० चं ०.५९५८. वरच्या टोकाला काही नाही, पण खालच्या टोकाला, जिथे तुमचे बरेचसे प्लॉट असणार, ३ टक्क्यांचे ५ टक्के झाले. लॉजिटवर (y ÷ (१ − y) चा लॉग, ज्या मापावर मॉडेल चालतं) हा फरक लहान नाही. म्हणून शून्य एकही नसेल तर सूत्र लावूच नका. एक-दोन असतील तर लावा, पण मग बूटस्ट्रॅपच्या बनावट आकड्यांनाही तीच वागणूक द्या: तुम्ही डोळ्याने १ टक्क्यापर्यंत नोंदता तर तेही १ टक्क्याला गोल करा, शून्य झालं की सूत्र लावा. नाहीतर म्यू × फाय १ च्या खाली असलेल्या प्लॉटांत ०.०००००१ असले आकडे तयार होतात, जे कुणाच्याही नोंदवहीत कधी उतरले नसते, आणि त्यांचा लॉजिट सगळं मॉडेल ओढून नेतो. पाच-सहा शून्यं असतील तर प्रश्नच वेगळा: रोग आला की नाही, आणि आला तर किती. त्याला शून्याचा वेगळा वाटा धरणारं बीटा मॉडेल लागतं, आणि २४ प्लॉट त्याला तोकडे पडतील.

दुसरं, प्रत्येक प्लॉटची १० पानं मोजली असतील तर त्यांची सरासरी घ्या. २४० ओळी करून n = २४० सांगू नका. जात प्लॉटला लावलीय, पानाला नाही. आणि मोजणी 'उसाच्या ५० पैकी १७ बेटांवर तांबेरा' अशी असेल तर ते बीटाचं काम नाही, बायनोमियल किंवा बीटा-बायनोमियलचं आहे.

तिसरं सगळ्यात अवघड. एकाच गावातल्या, एकाच ओढ्याकाठच्या चार प्लॉटांची हवा, ओल आणि बेणं बहुतेक एकच असतं. ते चार प्लॉट म्हणजे चार स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. बार्टलेट, स्कोव्हगार्ड, बूटस्ट्रॅप, कुणीच हे दुरुस्त करत नाही, कारण तिघांचंही गृहीतक प्लॉट स्वतंत्र आहेत हेच. शिरोळमध्ये सगळे को ८६०३२ आणि करवीरमध्ये सगळे को ९२००५ असतील तर जात आणि तालुका वेगळे काढताच येणार नाहीत. जात आणि तालुका असा ३ × ३ चा तक्ता मांडा. रिकामे रकाने दोन-तीनपेक्षा जास्त असतील तर चाचणीच्या दुरुस्तीआधी ह्याबद्दल गाईडशी बोला.

पडताळा म्हणून एक स्वस्त गोष्टही करून ठेवा: y चा लॉजिट घेऊन साधं लिनिअर रिग्रेशन आणि जातीची एफ चाचणी. एफ चाचणी निरीक्षणं कमी आहेत याचा हिशेब स्वतःच ठेवते. अर्थ थोडा बदलतो (प्रमाणाची सरासरी नव्हे, लॉजिटची सरासरी), आणि शून्याजवळचे आकडे इथेही त्रास देतात. तरी बूटस्ट्रॅपचा पी आणि एफचा पी हातात हात घालून चालत असतील तर व्हायव्हात उत्तर द्यायला सोपं जातं.

प्रबंधात लिहिताना दुरुस्त न केलेला आकडा लपवू नका. 'जातीसाठी एलआर ७.१, डिग्री २, काय-स्क्वेअर तक्त्याने पी ०.०२९, नल मॉडेलमधून ९९९९ पॅरामेट्रिक बूटस्ट्रॅप नमुने घेऊन c इतका, दुरुस्त पी इतका, न जुळलेले नमुने इतके' एवढं एका वाक्यात बसतं. खाली सीडचा आकडा आणि बीटारेगची आवृत्ती द्या. परीक्षकाने तोच लूप चालवला तर त्याला तोच c मिळाला पाहिजे.